गुलाब्या कोणाचा

गुलाब्या माझा आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे अर्ध्यात कोणाला वाटायला नको की ही बाई शेवटी नरमणार. नरमायचा माझा स्वभाव नाही. आई म्हणायची, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि हिच्या मुठीतून वाळू सुटत नाही. दोन्ही खरं आहे.

गुलाब्या म्हणजे बेडूक. फोनमधल्या खेळातला. प्राणी शोधायचे, पकडायचे, पाळून मोठे करायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचे, असा तो खेळ. पाठीवर दगड घेऊन बसणारा एक बेडूक त्यात आहे आणि तो साऱ्या जगात निळा असतो. क्वचित कधी गुलाबी निघतो. लोक वर्षानुवर्षं गवत तुडवत फिरतात आणि त्यांना गुलाबी दिसत नाही. ज्याला दिसतो तो गावभर सांगत सुटतो. आमच्या घरी मात्र तो पहिल्या दिवसापासून होता. आमचं घर म्हणजे मेहकर तालुक्यातलं जानेफळ, आणि आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण. मी तेव्हा अकरावीला होते. बाबांनी नुकताच टच फोन घेतला होता आणि तो त्यांच्यापेक्षा आमच्याच हातात जास्त असायचा.

त्या वेळी आमच्याकडे खेळ हवा असला की नेटवरून उतरवायचा नाही, मेहकरला जाऊन कार्ड भरून आणायचं. बस स्टँडसमोर मोबाईलचं एक दुकान होतं. मेमरी कार्ड दिलं की दुकानदार ते कॉम्प्युटरला लावायचा आणि म्हणाल ते भरून द्यायचा: गाणी, पिक्चर, भजनं. बाबांनी भजनांसाठी कार्ड दिलं. भजनं भरून जागा उरली, म्हणून त्यानं आपल्या मनानं त्यात खेळ टाकून दिला. बाबा घरी येऊन म्हणाले, "त्यानं कायतरी फुकटात देल्लं, पाहा काय हाय तं."

आम्ही उघडून पाहिलं. एक मोठं गोल तळं. काठावर टोपीवाला पोरगा, आमच्याकडे पाठ करून उभा. त्याच्याबरोबर एकच प्राणी, गुलाबी बेडूक, चांगला दणकट, पोसलेला. आणि पोराच्या थैलीत नाही नाही त्या वस्तू: घंटी, शिंपला, मोराच्या पिसासारखं एक पीस, तुटकी किल्ली, जंगलातल्या प्रत्येक झाडाचं एकेक फळ. सगळं एकेकच. दोन कशाचंच नाही.

आता मला माहीत आहे की खेळ असा सुरू होत नाही. तो घरातून सुरू होतो, मग गावातली माणसं भेटतात, पहिला प्राणी मिळतो, आणि त्या तळ्याशी पोचायला कित्येक महिने लागतात. पण मेहकरला कार्ड भरलेल्या सगळ्यांकडे हा पोरगा तळ्याकाठीच उभा होता. दुकानदारानं खेळाबरोबर कोणाचा तरी अर्धा खेळलेला डावही उचलला होता, आणि तोच सगळ्यांना वाटत होता. आम्हाला काय माहीत. आम्हाला वाटायचं, जगात हा खेळ तळ्यापासूनच सुरू होतो.

नवा खेळ सुरू करायचं बटण होतं. नव्हतं असं नाही. ते दाबलं की इंग्रजीत सूचना यायची की आधीचं सगळं पुसलं जाईल. बहिणीनं डिक्शनरीत पाहून अर्थ लावला आणि हात मागं घेतला. "कोनाचं तरी असन ते," ती म्हणाली. "आपून कायले पुसा?" जानेफळात ज्या ज्या पोरीपोरांकडे हा खेळ होता, त्यातल्या कोणीच ते बटण दाबलं नाही. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं की दाबू नका.

आता एवढं कोडं हाताशी आल्यावर गाव गप्प बसेल होय? आमची चर्चा चालायची पिठाच्या गिरणीवर. दळणाचे डबे रांगेत ठेवून आम्ही भिंतीशी बसायचो, पापण्यांवर पीठ, आणि गिरणीच्या आवाजात ओरडून ओरडून सिद्धान्त मांडायचो. एक पोरगा म्हणायचा, गोल तळं जगात एकच हाय, लोणारचं, खेळवाले येऊन पाहून गेले असतील. बेडकाच्या पाठीवरचा दगड म्हणजे आभाळातून पडलेल्या चांदणीचा तुकडा. दुसरा म्हणायचा, थैलीतल्या वस्तू बरोबर क्रमानं वापरल्या की पाणी बाजूला होते आणि तळातून लय मोठा प्राणी निघते. पण क्रम कोणालाच माहीत नव्हता, आणि चुकीच्या क्रमानं वस्तू संपवायची छाती कोणाची नव्हती. तिसऱ्यानं तर ठरवूनच टाकलं होतं की टोपीवाला मेलेला आहे. "म्हून तं पाठ करून उभा हाय." बटण दाबलं की तो वळतो, हे दाखवलं तरी तो मानायला तयार नव्हता. "तूच वळवते त्याले. आपल्या मनानं कुठी वळते?"

माझा सिद्धान्त साधा होता. ह्या पोराला कोणीतरी इथं उभं केलं आणि सांगितलं, थांब, आलेच. मग काही कारणानं त्या माणसाला येता आलं नाही. यायचं आहे त्याच्या मनात, पण येता येत नाही. सगळे हसले. "खेळ खेळून कंटाळा आला असन त्याले, बस." मी म्हटलं, कंटाळलेला माणूस इतकं पोसून ठेवत नाही. कंटाळलेला माणूस थैलीत एकेक वस्तू जपत नाही. माझं म्हणणं कोणी मानलं नाही, पण मी ते सोडलं नाही. बहिणीनं आणि मी नेमच केला. कुठंही फिरलो, कितीही झुंजलो, फोन बाबांना द्यायच्या आधी टोपीवाल्याला परत तळ्याकाठी आणून उभं करायचं आणि मगच सेव्ह करायचं. जो येईल त्याला तो सापडला पाहिजे.

आई ओरडायची. "दोघीजणी त्या फोनात जाऊन राह्यल्या. एक बेंडकुळी पाळली अन् घरच्या म्हशीले पानी कोन पाजीन?" पण नाव तिनंच ठेवलं. भाकरी थापता थापता तिरप्या नजरेनं पाहिलं आणि म्हणाली, "गुलाब्या दिसते." आमच्या एका बैलाचं नाव पांढऱ्या होतं, त्याच चालीवर.

मग एकदा मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीनं कार्ड मागितलं. तिच्या कार्डावरचा खेळ काहीतरी बिघडला होता. कार्ड काढून द्यायच्या आधी बहिणीनं फोन घेतला, खेळातल्या जंगलात गेली, एक हिरवं पान शोधून आणलं आणि थैलीत टाकलं. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, "तसंच कसं द्याचं?" मला तिचं म्हणणं लगेच पटलं. आमच्याकडे शेजारून वाटीत भाजी आली तर ती वाटी रिकामी परत जात नाही. काही नसलं तर साखरेची चिमूट, गुळाचा खडा, परसातलं लिंबू. रिकामं भांडं परत करणं म्हणजे त्या घराशी बोलणं तोडणं. मैत्रिणीनंही कार्ड परत दिलं तेव्हा थैलीत एक शिट्टी जास्त होती. आम्ही ह्याच्यावर काही बोललो नाही, कारण बोलण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही.

पुढं माझं लग्न होऊन मी लोणारला आले. टायपिंगचा क्लास काढला, अजून तोच चालवते. बहीण खामगावला गेली. कार्ड माझ्याकडे होतं. बाबांचा फोन बंद पडल्यावर मी तो डाव नव्या फोनवर घेतला, तोही गेल्यावर पुढच्या फोनवर. गुलाब्या आमच्याबरोबर मोठा होत गेला. मी रोज खेळत नव्हते, पण महिन्या दोन महिन्यांतून एकदा तळ्याकाठी जाऊन पाहून यायची. उभा आहे ना, झालं.

टाळेबंदीत इथलं पाणी गुलाबी झालं. खरं तळ्याचं, लोणारच्या. शास्त्रज्ञ आले, नमुने घेऊन गेले, खारं पाणी आटलं आणि त्यातले सूक्ष्म जीव वाढले असं काहीसं सांगून गेले. मी कड्यावर उभी राहून पाहिलं, अगदी गुलाब्याचाच रंग, आणि तिथूनच बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "गिरनीवरच्या पोट्ट्यानं सांगतलं होतं का नाही?" आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. मला त्या दिवशी खरंच वाटलं की जगानं आमचा सिद्धान्त मान्य केला.

त्याच आनंदात काही दिवसांनी मी एका ग्रुपमध्ये शिरले. ह्या खेळाचे मराठी खेळाडू, गावोगावचे. त्यांनी दुर्मिळ प्राण्यांचं एक दालन उघडलं होतं. ज्याच्याकडे दुर्मिळ प्राणी असेल त्यानं फोटो टाकायचा, सगळ्यांनी पाहायचं, वाहवा करायची. मी गुलाब्याचा फोटो टाकला. लोक तुटून पडले. गुलाबी बेडूक त्या अख्ख्या दालनात एकच. मी चार दिवस हवेत होते, खोटं कशाला बोलू. वऱ्हाडातली एक बाई, तिच्या बेडकाला सगळे पाहायला येतात म्हटल्यावर मान ताठ झाली माझी.

मग ॲडमिनचा मेसेज आला. ॲडमिन पुण्याचा. "ताई, अभिनंदन. हा आपण नेमका कुठं आणि कसा पकडलात, ते सांगाल का?" मी सगळं लिहिलं. मेहकरचं दुकान, भजनाचं कार्ड, तळं, गिरणी, सिद्धान्त, गुलाबी पाणी, सगळं. आमच्या बोलीत लिहिलं, कारण त्या आठवणी मला त्याच बोलीत येतात.

त्याचं उत्तर सगळ्यांसमोर आलं. "म्हणजे आपण दुसऱ्या कोणाच्या तरी सेव्हवर खेळत आलात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसं. आमच्याकडे याला उष्टा खेळ म्हणतात. बाकी ते लोणार वगैरे गमतीदार आहे, पण तळं हे फक्त तळं असतं. दालनाचा नियम आहे की प्राणी ज्यानं पकडला त्याचाच. तेव्हा एक तर मूळ पकडणारी व्यक्ती आणा, नाहीतर हा आपला नाही असं इथंच स्पष्ट लिहा, म्हणजे फोटो काढून टाकता येईल. आणि कृपया शुद्ध मराठीत लिहावं, ग्रुपवर सगळीकडचे लोक असतात."

खाली हसणारे चेहरे पडायला लागले. एकीनं विचारलं, इतकी वर्षं होती तर नवा खेळ का नाही सुरू केला? मी लिहिलं, कोणाचं तरी पुसावं लागलं असतं. त्यावर आणखी हसणारे चेहरे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा जेवत होता. तो म्हणाला, "सोड ना, खेळ तं हाय. लिहून दे माहा नाही म्हून, काय बिघडते?" मी म्हटलं, "तुमच्या चुलतभावानं धुरा कोरला होता, तवा तुम्ही माती तं हाय म्हनले होते काय?" धुऱ्याचं नाव काढल्यावर त्यानं भाजी वाढून घेतली. शेताच्या बांधाची वीतभर माती काय आणि माझा बेडूक काय, आपलं आहे ते आपलं नाही असं लिहून द्यायला सांगणाऱ्याची जात एकच. लेखी सोडा, मी ते तोंडानंही म्हणणार नव्हते. आणि पकडणारा आणा म्हणतो काय? आणते. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला दाखवते आणून.

मेहकरच्या दुकानात आता कार्ड भरत नाहीत. कव्हर, चार्जर, काचा लावून देणं, एवढंच. दुकानदार तोच, केस तेवढे गेलेले. मी फोन पुढं केला. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं आणि हसला. "हा तं माह्या बहिनीचा खेळ. दुकानात बसून खेळत राहे दिवसभर. तिच्याच कार्डावरून उचलेल होता म्या." बहीण कुठं आहे? "संग्रामपूरले देल्ली." त्यानं पत्ता सांगितला आणि वर म्हणाला, "सांगजा तिले, भावाची आठवन काढत जा म्हना."

मी बहिणीला कळवलं. ती खामगावला स्टँडवर उभीच होती, हातात स्टीलचा डबा. मुरमुऱ्यांचा चिवडा करून आणला होता. मी म्हटलं, आपण भांडायला पुरावा गोळा करून राह्यलो, पाहुणचाराला जाऊन राह्यलो का? ती म्हणाली, "रिकाम्या हातानं कोनाच्या घरी जातेत काय?" शेगाव मागं टाकून पुढं गेलं की सातपुड्याची रांग दिसायला लागते. सगळ्या रस्त्यात मी ॲडमिनला द्यायचं उत्तर मनात घोळवत होते. ही घ्या मूळ व्यक्ती. ही म्हणेल की मीच पकडला आणि आता ह्या ताईला दिला. बोला आता.

घर सापडायला वेळ लागला नाही. भाजीपाल्याचं शेत, शेताला लागून घर, ओट्यावर कोथिंबिरीचा ढीग. एक बाई जुड्या बांधत बसली होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. आम्ही कोण ते सांगितलं. भावाचा निरोप दिला, तर म्हणाली, "तो कवा काढते माही आठवन?" मग मी फोन पुढं केला. तिनं हात साडीला पुसले, फोन घेतला आणि पाहत राहिली.

"मोठा झाला वो," ती म्हणाली.

एवढंच. मग तिनं डोळे पुसले, आणि पुसताना कोथिंबिरीचा हात डोळ्याला लागला म्हणून सुनेवर, म्हणजे जावेच्या सुनेवर, उगाच खेकसली की पाणी आण. लग्न ठरलं तेव्हा भावानं तिचा फोन साफ करून गिऱ्हाइकाला विकला होता. तिला वाटलं, गेला. आपल्याच भावानं तिच्याच कार्डावरून त्याच्या किती नकला काढून वाटल्या, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मी हळूच मुद्द्यावर आले. "ताई, तुम्ही पकडला न याले?"

"मी? नाही वो." तिनं सरळ मान हलवली. "मले असाच भेटला."

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या लांब येऊन पुरावा हाती आला तो हा. ती सांगत होती. बुलडाण्याच्या होस्टेलवर असताना एका मैत्रिणीनं तिला कार्ड दिलं होतं. तेव्हाही टोपीवाला तळ्याकाठीच उभा होता, गुलाब्या सोबत होता, थैलीत एकेक वस्तू होत्या. मैत्रिणीला कोणी दिलं? तिच्या मामेबहिणीनं. मामेबहिणीला? "ते म्या विचारलं नाही. कायले विचारू?"

"मंग त्याले तळ्याकाठी काऊन ठेवत जा तुम्ही?" मी विचारलं.

"मले तठी भेटला, म्हून म्या बी तठी ठेवला. कोनी परत आलं तं त्याले दिसला पायजे का नाही?" मग जुडीला दोरा गुंडाळत म्हणाली, "अन् लगनाच्या आधी तं म्या सोताच त्याले सांगतलं. थांब म्हनलं, मी येतो."

गिरणीवर मला हसणारे सगळे त्या क्षणी माझ्या डोळ्यासमोर आले. मी बहिणीच्या मांडीवर थाप मारली. ती म्हणाली, "हाव, हाव, तूच खरी."

बाईनं थैली उघडली आणि एकेक वस्तू पाहू लागली. "हे पीस होस्टेलवालीनं ठेवलं. किल्ली माह्या आंधी होतीच. घंटी माही." तिनं बोट ठेवून दाखवली. "भांडं कोनाचंबी असो, रिकामं कसं द्याचं? म्या होस्टेलवालीचं कार्ड नकल करून वापस देल्लं, तवा तिच्यात बी घंटी टाकली." मग तिचं बोट पुढं सरकलं. "हे पान काऊन हाय? हे तं नव्हतं."

"ते माहं," बहीण म्हणाली.

"अन् शिट्टी?"

"आमच्या मैत्रिणीची."

आम्ही तिघी त्या थैलीकडे पाहत बसलो. गिरणीवर ज्या वस्तूंचा क्रम आम्ही शोधत होतो, ज्यांनी पाणी बाजूला होणार होतं, त्या वस्तू म्हणजे हे होतं. बायापोरींनी एकमेकींच्या वाटीत टाकलेली साखर. प्रत्येकीनं एकेकच टाकलं, कारण वाटीत तेवढंच टाकायचं असतं. पहिली कोण, ते कोणालाच माहीत नाही, आणि त्या थैलीत पाहिल्यावर मला ते शोधायची गरजही राहिली नाही. मी घरून निघाले ती पकडणारी शोधायला. गुलाब्याला पकडला कोणी हे कळलं नाही, पण त्याला कोणी उपाशी ठेवलं नाही, कोणी पुसलं नाही आणि कोणी तळ्याकाठून पळवलं नाही, हे सगळं समोर होतं. मला माझं उत्तर मिळालं होतं, येताना बसमध्ये घोळवलेल्यापेक्षा चांगलं.

तिनं विचारलं, खेळू का थोडी? आम्ही म्हटलं, तुमचाच आहे. ती जुड्या बाजूला सारून खेळली, अगदी मनापासून, जीभ दाताखाली धरून. मधे सासूनं आतून हाक मारली, तिनं ओ दिली नाही. शेवटी खेळातल्या एका वाडीत जाऊन कसलासा कांद्यासारखा कंद उपटला, थैलीत टाकला, टोपीवाल्याला तळ्याकाठी नेऊन उभं केलं आणि सेव्ह केलं. फोन माझ्या हातात दिला. मग आमचा डबा घेऊन आत गेली. चिवडा काढून घेतला, डबा धुतला, आणि कोथिंबीर दाबून दाबून भरून आणून दिला. झाकण लागत नव्हतं.

त्याच आठवड्यात मी ग्रुपवर लिहिलं. आमच्या बोलीत लिहिलं आणि मुद्दाम लिहिलं.

"पकडनारी आना म्हनले होते. जाऊन आलो. पहिली कोन हे कोनालेच माईत नाही. तुमच्या दालनातून फोटो काढाचा असन तं खुशाल काढा. पन माहा नाही असं मी लिहून देनार नाही, कारन तो माहा हाय. मले भेटला तवापासून म्या त्याले पोसला, पुसला नाही, अन् दुसऱ्याच्या हाती देताना थैली तशीच देल्ली नाही. ज्या बाईनं मले देल्ला तिचा बी तो हाय, तिले जिनं देल्ला तिचा बी. आता तुमाले बी देतो."

आणि खाली तो डावच्या डाव टाकून दिला, ज्याला हवा त्यानं उतरवून घ्यावा म्हणून. अट एकच ठेवली. परत द्यायच्या आधी थैलीत आपली एक वस्तू टाकायची आणि टोपीवाल्याला तळ्याकाठी उभं करून सेव्ह करायचं.

फोटो ॲडमिननं त्याच दिवशी काढून टाकला. नियम म्हणजे नियम, असं लिहिलं. पण लोकांनी डाव उतरवून घ्यायला सुरुवात केली होती, हसणाऱ्यांनीसुद्धा. काही दिवसांनी पहिला डाव परत आला, थैलीत एक काचेची गोटी जास्त. मग आणखी एक आला, त्यात कसलंसं निळं फूल. एकीनं लिहिलं, मला वस्तू निवडायला दोन दिवस लागले, काय ठेवावं तेच कळेना. जिनं नवा खेळ का नाही केला असं विचारलं होतं, तिचाही आला. तिनं दोरीचा तुकडा ठेवला होता. मी ते सगळं बहिणीला पाठवते, ती संग्रामपूरला पाठवते. तिथून उत्तर येतं, गोटी कोनाची, फूल कोनाचं, आणि मी माहीत असेल तेवढं सांगते.

डाव कोणी कोणी घेतला ते ग्रुपवर दिसतं. ॲडमिननंही घेतला आहे. पहिल्याच दिवशी, फोटो काढून टाकायच्या आधी. त्याचा अजून परत आलेला नाही. मी मागितलेला नाही, आमच्यात भांडं मागून घेत नाहीत. त्यानं थैलीत काही टाकलं असेल, तर गुलाब्या त्याचाही आहे, मग तो शुद्ध बोलो की अशुद्ध. टाकलं नसेल, तर त्याच्या फोनात जे आहे त्याला उष्टं म्हणतात.